फाटक

"फाटक पाडा, रस्ता सरळ करा, प्रश्न मिटला," असं सगळ्या वर्गाचं मत पडलं. बंद कारखान्याच्या जागेवर बाग आखायची होती, आणि निवडलेला आराखडा नगरपालिका खरंच बांधणार होती. ते गंजकं फाटक उभं होतं फक्त मुंगीच्या नकाशात. बारीक अक्षरामुळे तिला मुंगी म्हणत. हट्ट मात्र हत्तीचा.

"कशासाठी ठेवलंस?" सरांनी विचारलं.

"तिथे एक आजोबा रोज बसतात. पाळी सुटली की मुलगा याच फाटकातून येईल, म्हणतात. सर, कारखाना बंद होऊन तीस वर्षं झाली. मुलगा कधीच गेला असणार. पण त्यांना सांगणार कोण?"

सरांनी लाल पेन्सिल उचलली, जरा वेळ हातात धरली आणि खाली ठेवली. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "जागेत ज्याचा जीव अडकला, त्यानं पेन्सिल खाली ठेवावी." हा टोला आपल्यालाच, असं मुंगीनं धरून घेतलं.

"याचा निकाल तुम्हीच द्या," ते शेजारच्या वर्गावरच्या बाईंना बोलावून म्हणाले.

बाईंनी एका रेघेत फाटक खोडलं. सर खिडकीबाहेर बघत राहिले. या माणसाला काळीज म्हणून आहे की नाही, असं मुंगीला वाटलं. ती रडवेली होऊन नकाशा गुंडाळू लागली.

साडेचार वाजता सर नेहमीसारखे उठले. दाराआडचा विटका निळा सदरा त्यांनी पिशवीत कोंबला. झाडं लावायचा सदरा, असं मुलं समजत. घरी बाईसाहेब घड्याळ घेऊन बसतात, अशीही थट्टा चाले.

मुंगी तडक कारखान्यापाशी गेली. आजोबा दगडावर बसले होते. ती शेजारी टेकली.

"आजोबा, हे फाटक नसलं तर?"

"वेडी का काय? मग पोरगा बाहेर कुठून येणार?"

"तुम्हाला घरी कोण नेतं?"

"तोच. एक दिवस चुकवत नाही."

तिनं तोंड फिरवून डोळे पुसले. म्हातारपण फार वाईट, असं तिच्या मनात आलं.

पाच वाजले. फाटक करकरलं आणि आजोबा काठी टेकत उठले.

निळा सदरा घालून, हातात रिकामा डबा घेऊन सर बाहेर आले.

"सुटली पाळी, बाबा," ते म्हणाले. "चला घरी."