उंबऱ्यातलं खोगीर

तहाची अट म्हणून सम्राटानं सूयिंगला शत्रूपक्षाच्या सेनापती लुओच्या पदरात टाकलं. पालखी त्याच्या दारात उतरली, तेव्हा उंबऱ्यात रिवाजाप्रमाणं घोड्याचं खोगीर ठेवलेलं होतं. "ओलांड गं बाई, म्हणजे सुखानं नांदशील," सासू म्हणाली. तांबड्या ओढणीआडून सूयिंगनं खाली पाहिलं. खोगिराच्या कडेला निळ्या दोऱ्याची वाकडी शिवण होती, भाऊ लढाईवर निघाला तेव्हा तिनंच घातलेली. "ओळखलंस ना?" लुओ हसला. "मुद्दाम ठेवलंय तुझ्यासाठी." तिनं ते ओलांडलं नाही; ती त्यावर मांड ठोकून बसली. "ऊठ, अवदसे! मुहूर्त टळतोय!" सासू कडाडली. लुओनं नवरीचा दंड धरला. "उतर खाली." ओढणी भिरकावून तिनं त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. "माझ्या भावाला यावरून उतरवायला तुम्हाला त्याचा जीव घ्यावा लागला. आता सम्राटानं तहात दिलेल्या बायकोला कसं उतरवणार?"