उजेडाला दिली

“सर, हे जरा ऐका. मला जे कळलंय ते खोटं निघू दे.”

शिवणकाम करणाऱ्या मावशींनी फोन ग्रंथपालाच्या टेबलावर ठेवला. गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती. दुकान उघडं टाकून त्या धावत आल्या होत्या.

फोनमधून जावयाचा आवाज आला. तो रडत होता. हुंदक्यांत मुलीचं नाव आलं, मग तीन शब्द, ‘दिओ आ लुस’. मागून कुणीतरी हाक मारली आणि निरोप तिथेच तुटला. त्यानंतर फोन लागत नव्हता. मुलीचाही नाही, त्याचाही नाही.

मुलगी साता समुद्रापलीकडे होती. दिवस गेलेले होते. तारीख अजून दीड महिना लांब होती, पण काल अचानक बीपी वाढलं म्हणून तिला दवाखान्यात ठेवलं. “आई, काळजी करू नकोस,” एवढंच तिने कळवलं होतं. जावयाला स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. त्याच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून तर मावशी गेलं वर्षभर वाचनालयात येत होत्या. इथल्या कार्डावर त्या देशातली वर्तमानपत्रं संगणकावर वाचता येत, सिनेमेही फुकट बघता येत. वर्तमानपत्रांतून त्या पूर, अपघात, ठार असले शब्द शिकल्या. सिनेमांतून रडणं आणि सोडून जाणं. “सर, या भाषेत कुणी सुखात नसतंच का हो?” असं त्यांनी एकदा विचारलं होतं, तेव्हा दोघं पोट धरून हसले होते.

आज त्या खुर्चीवर टेकायलाही तयार नव्हत्या.

“लुस म्हणजे उजेड,” त्या म्हणाल्या. “वीज गेली की त्यांच्या पेपरात येतो तो शब्द. दिओ म्हणजे दिलं. उजेडाला दिली म्हणतोय तो, सर. आपण नाही का म्हणत, ज्योत ज्योतीला मिळाली?”

“असं एकदम काहीतरी मनात आणू नका, मावशी.”

“मग रडत का होता तो?”

ग्रंथपालाने जाडजूड शब्दकोश काढला. ही वर्तमानपत्रं त्यानेच खटपट करून सुरू करवली होती, पण भाषा त्याला येत नव्हती. त्याने एक शब्द शोधला, मग दुसरा. मावशी म्हणत होत्या तोच अर्थ. त्याने शब्दकोश मिटून बाजूला सरकवला.

“गप्प का झालात?” मावशींनी टेबलाची कड घट्ट धरली. “सांगून टाका ना.”

“सुटे शब्द फसवतात कधीकधी. तिथली माणसं हे तिन्ही मिळून केव्हा वापरतात, ते बघू.”

मुलीच्या गावचं वर्तमानपत्र त्याने उघडलं आणि शोधायच्या चौकटीत ते तीन शब्द टाकले. दोन बोटांनी, एकेक अक्षर चाचपत. पडद्यावर चक्र फिरू लागलं. ते थांबेना. निधनाच्या बातम्या मावशींनी त्या पेपरात कितीदा पाहिल्या होत्या. काळ्या चौकटी, चौकटीत हसरे चेहरे. आता तसलाच कुणाचा तरी चेहरा समोर येणार, आणि मग संशयालाही जागा उरणार नाही. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

“मावशी, डोळे उघडा.”

“नको.”

“अहो, उघडा हो!” ग्रंथपालाचा आवाज एवढा चढला, की वाचत बसलेली माणसं माना वळवून बघायला लागली.

मावशींनी डोळे उघडले. मथळ्यात तेच तीन शब्द होते. त्याखाली प्राणिसंग्रहालयातल्या जिराफ मादीचा मोठा फोटो होता, आणि ती लांब मान वाकवून पायांशी पडलेलं आपलं नुकतंच जन्मलेलं, ओलंचिंब पिल्लू चाटत होती.