दुसरं इग्निशन

"दोन्ही इग्निशन चालू असली की नीट चालतंय ना? मग उडव की! मुहूर्त टळेल," थोरला भाऊ ओरडला. दसऱ्याचा विजयमुहूर्त गाठायला अख्खी आळी माळावर जमली होती.

रघुवीरने ऐकलं नाही. त्याने शेडमध्ये स्वतः बांधलेल्या विमानाच्या रोटरी इंजिनला दोन प्लग होते, ठिणगी पाडणारी दोन स्वतंत्र इग्निशन होती. हवेत एक गेलं तर दुसऱ्यावर उतरता यावं म्हणून. पण पहिलं बंद केलं, की दुसऱ्यावर इंजिन खोकत होतं. कॉइल बदलली, वायर बदलली, तरी तेच.

शेवटी त्याने दुसऱ्या प्लगची रबरी कॅप उपसली. आत लालभडक चिखल! सगळी ठिणगी त्यातच मरत होती.

"काल खंडेनवमीला कॅप काढून आत ओलं कुंकू लावलं मी," त्याची बायको शालन ओशाळून म्हणाली.

त्याने कॅप लख्ख पुसली. इंजिन दुसऱ्यावरही घुमू लागलं आणि माळावर टाळ्या पडल्या. जिवात जीव येऊन तो आत बसला, पट्टा आवळला आणि शालनला मोठ्याने म्हणाला, "दोन कॅपांतली हीच बरी सापडली तुला!"

शालन त्याच्या कानाशी वाकली. "एकीलाच कशी लावीन? दोन्हींना सारखंच लावलंय. तुमच्या जिवासाठी."

त्याने इंजिन बंद केलं.

"अरे, मुहूर्त!" भाऊ किंचाळला.

रघुवीर पट्टा सोडू लागला. पहिली कॅप त्याने उघडून पाहिलीच नव्हती; हवेत तीही कधीही दगा देऊ शकत होती.