थिएटरच्या दाराचा हट्ट

कुणाला ऑपरेशनला आत घ्यायचं ते हल्ली थिएटरचं दारच ठरवायचं. हौसाबाईचं बोट टोचून ते तिसऱ्यांदा म्हणालं, “कोलेस्टेरॉल फार कमी, म्हणजे अंगात ताकद नाही. टेबलावर दगावाल. घरी जा.”

“आणि घरी हा पोटातला कॅन्सर मला जगवणार होय रे, मुडद्या?” हौसाबाई कडाडली.

तिचा नवरा गजाबा, तळणीपुढं जन्म काढलेला भजीवाला. त्यानं चिडून आपलंच बोट दारावरच्या टोचणीच्या यंत्रात खुपसलं.

“तीनशेवीस! झकास!” म्हणत दार उघडलं आणि आतल्या यंत्राच्या हातांनी गजाबालाच उचलून टेबलाला बांधलं.

“हौसे, सोडव गं!”

हौसाबाई आत घुसली, शेजारच्या टेबलावर आडवी झाली आणि थक्क झालेल्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “त्यांना नंतर सोडवा. आधी मला कापा.”