वेअर प्लेटची खूण

लोडरचा पंप खोलला की आतल्या, घासून झिजणाऱ्या वेअर प्लेटच्या कडेला टोच्याने एक रेघ मारायची, म्हणजे बसवताना ती उलटी जात नाही, ही दस्तगीर मिस्त्रींची जुनी सवय. पण नव्या धातूच्या प्लेटी आपली झीज आपणच भरून काढायच्या. मागच्या खेपेला मिस्त्री जेवून येईपर्यंत रेघही भरून गेली. प्लेट उलटी बसली, सील फुटलं आणि गरम तेलाने लोडर चालवणाऱ्या उज्ज्वलाचा हात भाजला.

आज तोच पंप पुन्हा खोलला होता.

“चाचा, या वेळी फोटो काढून ठेवा,” उज्ज्वला म्हणाली.

मिस्त्रींनी सवयीने कडेवरून नख फिरवलं. ते अडलं. रेघेच्या जागी बारीक उंचवटा आला होता.

“दर खेपेला इथंच ओरखडतोय मी,” ते म्हणाले. “घट्टा पडलाय हिला.”

टोच्या धरून त्यांच्या अंगठ्यालाही तसाच पडला होता.

त्यांनी प्लेट सरळ धरली. उंचवटा पंपाच्या बॉडीत तिथंच असलेल्या फटीत गेला आणि ती अलगद बसली. मग काढून मुद्दाम उलटी लावली.

ती बसेना.