यंत्राला लावलेलं कुंकू

ही गोष्ट २०४७ सालची. कोयनाकाठच्या तंत्रनिकेतनात त्या वर्षीपासून प्रवेशासाठी गुण बघणं बंद झालं. यंत्रापुढे दोन्ही हात धरायचे; हात पाहून ते सांगेल ती शाखा आणि पुढची नोकरी पक्की.

पहिल्या दिवशी प्राचार्य घोरपडेसरांनी नारळ फोडला, यंत्राला हार घातला, कुंकू लावलं आणि हौसेने आधी स्वतःचेच हात पुढे केले.

"रंगारी," यंत्र म्हणालं.

सर हसले. पण त्यांच्यामागून आलेली सगळीच मुलं रंगारी निघाली. वैदेही लाडही. लेथ मशीनवर काम करायचं म्हणून तिने ठरत आलेलं लग्न मोडलं होतं.

"आत्या, आता गं?" तिने सोबत आलेल्या आत्याला विचारलं.

"आता काय, आमचं घर रंगव," आत्या म्हणाली. "तीन दिवाळ्या तसंच आहे."

वैदेही यंत्राजवळ गेली. त्याच्या काचेच्या डोळ्यावरच सरांचं कुंकवाचं बोट उमटलं होतं. त्याला सगळ्यांचे हात रंगाने माखलेले दिसत होते.

"अगं, पूजेचं कुंकू पुसतेस?" सर ओरडले.

"सर, देवाच्यासुद्धा डोळ्यात नाही हो कुणी कुंकू घालत!"

तिने ओढणीने काच पुसली. तिचे हात बघून यंत्र लगेच म्हणालं, "मेकॅनिकल. यंत्रदुरुस्ती." मग बाकीच्या मुलांचेही हात पुन्हा पाहिले गेले.

वैदेही पुढे तिथेच विभागप्रमुख झाली. यंत्राला अजून कुंकू लावतात, पण पाठीला. घोरपडेसरांनी मात्र पुन्हा हात दाखवले नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी ब्रश हातात घेतला. आत्याच्या घराचा निळा रंग त्यांनीच दिलेला. अजून उडालेला नाही.