शेवटची पोरगी

लेकाची कंपनी सुटली, पण कंपनीची खोड काही सुटली नाही, हे कावेरीबाईंचं गाऱ्हाणं रोजचंच. युनिव्हर्सिटीत मास्तर झाला आणि वर्गाचंच ऑफिस करून बसला. दर महिन्याला पोरांचे नंबर लावायचे आणि शेवटचा जो येईल त्याला वर्गातून कायमचं काढायचं.

आज दुपारी या महिन्याची शेवटची पोरगी सरांची पुस्तकं परत द्यायला आली होती. पास झालेली, तरी शेवटची. शिक्षण सोडून गावी निघाली होती. रडली नाही, चहाला मात्र शिवलीही नाही. ती गेल्यावर कावेरीबाईंनी गार चहा मोरीत ओतला आणि रिकामा कप कितीतरी वेळ विसळत राहिल्या.

"आई, कुणीतरी शेवटचं असणारच," रात्री जेवताना त्यांनी पोरीचा विषय काढला तसा लेक म्हणाला. "कंपनीतही हेच करायचो. नियम सगळ्यांना सारखा."

त्यांनी त्याच्या ताटात भाकरी वाढली. आवाज काही चढला नाही.

"कंपनीत माणसं तुझ्याकडे कामाला होती, साहेब. ही पोरं शिकायला येतात. जिला शिकवायची खरी गरज, तिलाच घालवलंस. तू अजून मास्तर झालेला नाहीस, नुसता पगार घेतोस."